मालवणला चाळीस इंपेलर ‘येतायत’: माल आधी कुणाकडून उचलायचा याचं एक प्रकरण

३१ जुलैची रात्र, नऊ वाजून गेलेले, बाहेर धो धो पाऊस आणि मालवणच्या दुकानातून फोन. "आठ दिस झाले तुमचो कम्प्युटर सांगता माल येता म्हणान. खंयसून येता तां तरी सांगा, गिराईक दारात उभा आसा." दुसऱ्या दिवशी १ ऑगस्ट, मासेमारीची बंदी उठणार, बोटी सुटणार, आणि ज्याच्या इंजिनाला इंपेलर, म्हणजे पंपातलं रबरी चाक, मिळाला नाही तो नाखवा दुकानाच्या पायरीवर बसून. मी लॅपटॉप उघडला तर स्क्रीनवर खरंच तसं लिहिलेलं: मालवण, इंपेलर, येणे ४०, कुठून तर रत्नागिरी गोडाऊन. गोडाऊनच्या मामांना फोन लावला. मामा म्हणाले, "चाळीस? अरे काउंटरलाच संपत आले, चार उरलेत माझ्याकडे. चाळीस कोण देणार आणि कुठून?"

तर हे प्रकरण त्या चाळीस इंपेलरचं. सिस्टीममध्ये, म्हणजे साठा आणि ऑर्डरी बघणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठला माल कुठून घ्यायचा ही सेटिंग मीच करून दिलेली, तीन वर्षांपूर्वी, एका दुपारी, जेवण झाल्यावर, सगळ्या आयटमना एकदम. त्यामुळे कोणाचं चुकलं हा प्रश्न नाहीच, कसं चुकलं ते सांगतो.

आधी धंदा समजून घ्या. रत्नागिरीतले जुने व्यापारी, मच्छीमार बोटींच्या इंजिनाचे स्पेअर, फिल्टर, ऑइल, बेल्ट, दोर, जाळ्याचं सूत असला सगळा माल. सगळे त्यांना काका म्हणतात, मीही काकाच म्हणतो, नाव लिहीत नाही आणि त्यांच्याच सांगण्यावरून आकडेही बदललेत, प्रमाण मात्र तेच आहे. मुख्य गोडाऊन रत्नागिरीत, त्याला लागूनच काउंटर, मिरकरवाडा बंदरावरची गिऱ्हाइकं तिथे येतात. खाली तीन दुकानं, हर्णै, देवगड आणि मालवण. वर भिवंडीत एक भाड्याची खोली, तिथे चार-पाच कंपन्यांचा माल गोळा होतो आणि आठवड्याला एक गाडी भरून खाली येते. म्हणजे भिवंडी, रत्नागिरी, दुकानं अशी तीन पातळ्यांची उतरंड. शिवाय कोल्हापूरला एक होलसेलर आहे, तो थोडा महाग पण त्याच्याकडे माल तयार असतो. आणि आणखी एक, रत्नागिरीत काही माल आपण स्वतःच जुळवतो: ऑइल फिल्टर, दोन डिझेल फिल्टर, एक बेल्ट, एक इंपेलर असं सर्व्हिस किट खोक्यात भरून विकतात. हे किट पुढे महत्त्वाचं आहे, लक्षात ठेवा.

आता इंपेलरच का. बोटीच्या इंजिनाला थंड करायला समुद्राचं पाणी खेचणारा पंप असतो, त्यात रबराच्या पाकळ्यांचं चाक असतं, तो इंपेलर. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची मासेमारी बंदी असते, बोटी वर काढून झाकून ठेवतात, आणि त्या दोन महिन्यांत पंपात दाबून बसलेल्या त्या रबरी पाकळ्या तशाच वाकड्या राहून जातात. शहाणा नाखवा बोट पाण्यात ढकलायच्या आधी नवीन इंपेलर टाकतो, नाहीतर बारा मैल आत गेल्यावर इंजिन गरम. पूर्वी नारळी पौर्णिमेला नारळ सोडून मग बोटी जायच्या, आता तारीख सरकारी आहे, त्यामुळे हर्णैपासून मालवणपर्यंत सगळ्यांना इंपेलर त्याच आठ दिवसांत हवा असतो. वर्षभर दुकानात महिन्याला चार-पाच जाणारा आयटम, जुलैच्या शेवटी पन्नास.

तीन वर्षांपूर्वीची माझी सेटिंग अशी होती: दुकानाला माल कमी पडला तर एक नंबर रत्नागिरीहून ट्रान्सफर, दोन नंबर कोल्हापूरहून खरेदी. रत्नागिरीला कमी पडला तर एक नंबर भिवंडी, दोन नंबर कोल्हापूर. किट मात्र रत्नागिरीतच जुळवायचं. दिसायला काय सुंदर! आपला माल आधी, बाहेरचा नंतर, काकांनाही पटलं, कारण घरात माल असताना बाहेरून विकत घेणं म्हणजे त्यांच्या दृष्टीने पापच.

आता २२ जुलै, सोमवार, त्या दिवशीचा हिशेब बघू. ५ ऑगस्टपर्यंतची गरज धरतोय.

मालवणला हातात ६, लागणार ४६, म्हणजे ४० कमी. देवगडला हातात २०, लागणार ५०, म्हणजे ३० कमी. हर्णैला हातात ७०, लागणार ४५, म्हणजे २५ जास्तीचे (हर्णैवाल्याने जूनमध्येच भीतीने मागवून ठेवलेले, त्याची भीतीही खरी आहे, त्यावर येतो). रत्नागिरीला हातात ५५, काउंटरला लागणार ३०, आणि राखीव साठा म्हणून १५ ठेवायचे असं सिस्टीमला सांगितलेलं.

सिस्टीमने काय केलं? देवगडसाठी ३० ची ट्रान्सफर मांडली, मालवणसाठी ४० ची मांडली. मग रत्नागिरीकडे वळली, तिथे बेरीज केली, ३० आणि ४० दुकानांचे, ३० काउंटरचे, १५ राखीव, एकूण ११५, हातात ५५, म्हणजे ६० मागवा भिवंडीहून. भिवंडीहून माल यायला बारा दिवस. बावीस अधिक बारा, ३ ऑगस्ट. पुढे मालवणचा टेम्पो मंगळवारी आणि शुक्रवारी, म्हणजे मालवणला माल ६ ऑगस्टला.

आणि या सगळ्यात मालवणच्या स्क्रीनवर काय दिसत होतं तर "येणे ४०". झालं, गरज भागली, सिस्टीम शांत. दोन नंबरचा कोल्हापूर कधी विचारलाच गेला नाही!

इथे मला जे उशिरा कळलं ते असं की एक नंबरच्या सोर्सला सिस्टीम विचारत नाही की बाबा तुझ्याकडे माल आहे का, तारखेला देशील का. ती फक्त मागणी त्याच्या गळ्यात टाकते आणि पुढे जाते. त्याच्याकडे नसला तर त्याच्या वरच्याकडे, तिथे नसला तर आणखी वर, पण दुकानापुरतं काम झालेलं असतं. ट्रान्सफर म्हणजे माल आला असं आपण धरतो, आणि खरं तर तिथे फक्त मागणी एक घर वर सरकलेली असते. तारीख चुकणार हे सिस्टीमला माहीत असतं, पण ती ते एका वेगळ्या रिपोर्टमध्ये लिहून ठेवते, "उशीर संभवतो" अशा लाल ओळीत, आणि रोज दोनशे लाल ओळी येणारा रिपोर्ट जगात कोणी वाचत नाही. मीही नाही वाचला.

शुक्रवारी, २६ तारखेला टेम्पो निघाला तेव्हा देवगडचे ३० पूर्ण गेले. उरले २५, ते मामांनी काउंटरसाठी धरून ठेवले आणि त्यांचं चूक नव्हतं. मालवणला शून्य.

देवगडलाच पूर्ण का, मालवणला काहीच का नाही? यात मोठी गंमत आहे. माल अपुरा असला की सिस्टीम दुकानांच्या कोडच्या क्रमाने वाटते, कोड इंग्रजी अक्षरांत, देवगडचा डी, हर्णैचा एच, मालवणचा एम. म्हणजे तीन वर्षं मालवणला कायम उरलंसुरलं मिळत होतं, कारण त्याचं नाव एमने सुरू होतं. मालवणचा मॅनेजर आधी दोनदा म्हणालेला की आमच्यावर रत्नागिरीकरांचा राग आहे, आम्ही हसलो होतो. राग नव्हता, बाराखडी होती.

आता हाच हिशेब एकत्र मांडून बघा. चारही ठिकाणची गरज ४६, ५०, ४५ आणि ३०, बेरीज १७१. चारही ठिकाणचा साठा ६, २०, ७० आणि ५५, बेरीज १५१. खरा तुटवडा २० चा! आणि सिस्टीमने मागवले ६०. त्या साठात खरे वीस, राखीव साठ्याचे पंधरा, आणि उरलेले पंचवीस म्हणजे हर्णैच्या रॅकवर आपलेच पडलेले, जे रत्नागिरीला दिसतच नव्हते. क्लार्क आणि स्कार्फ या दोघा संशोधकांनी १९६० मध्येच हे मांडून ठेवलंय की वरच्या गोडाऊनने फक्त स्वतःच्या रॅककडे बघायचं नसतं, आपल्या खाली जेवढा माल आहे आणि जेवढा रस्त्यात आहे तो सगळा धरून ठरवायचं, त्याला एशलॉन स्टॉक म्हणतात. साठ वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि आम्ही ३१ जुलैच्या रात्री फोनवर शोधत होतो की माल आहे तरी कुठे.

त्या रात्री शेवटी काय झालं ते सांगून टाकतो. खरेदी बघणाऱ्या ताई आहेत, वीस वर्षं तिथेच. त्यांनी विचारलं, "मामा, किट किती भरून ठेवलीयत?" अठरा. प्रत्येकात एक इंपेलर. त्याच महिन्यात, सुटे इंपेलर कमी पडणार असताना, सिस्टीमच्या ऑर्डरप्रमाणे अठरा किट भरून सील केलेली! मामांनी ब्लेडने बारा खोकी फोडली, इंपेलर काढून पिशवीत घातले आणि सकाळच्या पहिल्या एसटीने मालवणला धाडले. उरलेली सहा काउंटरसाठी ठेवली. बारा नाखव्यांचं काम झालं, बाकीच्यांनी जिथे मिळालं तिथून घेतलं. आणि आपल्याकडे हा धंदा उधारीचा, सीझनभराचं खातं असतं, इंपेलर ज्याच्याकडून घेतला त्याच्याचकडे पुढे ऑइल, बेल्ट, दोर सगळं लिहिलं जातं. साडेचारशे रुपयाच्या रबरापायी वर्षाचं खातं गेलं, काका ते बोलले नाहीत पण चहा न घेता उठले.

मग दुरुस्ती, आणि दुरुस्तीतली चूक

ऑगस्टमध्ये काकांनी पहिली गोष्ट सांगितली ती अशी की दुकानांनी एकमेकांकडून माल घ्यावा, हर्णैला पंचवीस पडलेत आणि मालवण रडतंय हे परत दिसता कामा नये. बरोबरच वाटतं ऐकायला. एकाच जीएसटी नंबरखाली, राज्यातल्या राज्यात, डिलिव्हरी चलनावर माल हलतो, टॅक्स नाही, लाखाच्या वर गेला तर ई-वे बिल, म्हणजे मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद, एवढंच. मी लगेच सेटिंगमध्ये घातलं: मालवणला कमी पडलं तर आधी देवगड, देवगडला कमी पडलं तर आधी मालवण.

आता हे वाचूनच ज्याला कळायचं त्याला कळलं असेल.

दोन आठवडे ठीक चाललं. मग एके दिवशी देवगडने मालवणकडे दोराच्या बंडलांची मागणी टाकली, त्यामुळे मालवणचा साठा मर्यादेखाली गेला, म्हणून मालवणने देवगडकडे मागणी टाकली, त्यामुळे देवगडचा खाली गेला. कागदावर हे गोल गोल फिरलं असतं तर ठीक, पण इथे माल खरोखर फिरला. मी सप्टेंबरमध्ये मालवणला गेलो तेव्हा दोराच्या एका बंडलावर तीन चलनांचे स्टिकर एकावर एक चिकटवलेले, देवगड ते मालवण, मालवण ते देवगड, परत देवगड ते मालवण. "ह्याका जरा बसाक तरी देवा," मॅनेजर म्हणाला, "आमच्यापेक्षा जास्त फिरलोहा." फोटो काढून ठेवलाय, कोणी आडवी, म्हणजे दुकानातून दुकानात, ट्रान्सफर ऑटोमॅटिक करू म्हणालं की दाखवतो.

दुसरी चूक वेळेची निघाली. रत्नागिरीचा प्लॅन सोमवारी सकाळी चालायचा, कारण ताई सकाळी ऑर्डर टाकतात, आणि दुकानांचा प्लॅन सोमवारी संध्याकाळी, कारण दुकानं तेव्हा स्टॉक भरतात. म्हणजे दुकानांची मागणी रत्नागिरीला पोचेपर्यंत रत्नागिरीचं गणित झालेलं, ती मागणी पुढच्या सोमवारपर्यंत लटकलेली. प्रत्येक ऑर्डरला फुकटचा एक आठवडा. २२ जुलैला हे जाणवलं नाही कारण त्या दिवशी सीझन म्हणून मामांनी हातानेच दोन्ही प्लॅन लागोपाठ चालवले होते, पण वर्षभर हे चालू होतं. एमआरपीत (मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग, म्हणजे कुठला माल कधी आणि किती लागेल हे काढायची पद्धत) फार जुना नियम आहे, १९६० च्या दशकात ऑर्लिकी वगैरे मंडळींनी ही पद्धत बसवली तेव्हापासूनचा, की गणित विक्रीच्या टोकापासून पुरवठ्याकडे करत न्यायचं, ज्याच्यावर कोणीच अवलंबून नाही तिथून सुरुवात, आणि वरच्याचं गणित तोवर करायचं नाही जोवर त्याच्या खालच्या सगळ्यांचं झालं नाही. आता रविवारी रात्री एकामागोमाग चालतं: दुकानं, मग किट, मग रत्नागिरी, मग भिवंडी. किट रत्नागिरीच्या सुट्या मालाआधी, कारण किटची गरजही सुट्या इंपेलरवरच पडते.

ताईंची वही

खरी दुरुस्ती मला ताईंच्या वहीत सापडली. सिस्टीम यायच्या आधीपासून त्या एक लांबट वही ठेवतात, त्यात प्रत्येक दुकानासाठी पान, आणि पानावर "कुणाला आधी विचारायचं". हर्णैच्या पानावर लिहिलेलं: भिवंडीची गाडी, भरणे नाक्यावर उतरवणे. मी म्हटलं हे काय? तर ताई म्हणाल्या, "अरे गाडी मुंबईहून खाली येते ती खेडवरूनच येते ना. तिथून हर्णै दापोलीमार्गे जवळ. तुझ्या कम्प्युटरने ती गाडी रत्नागिरीपर्यंत आणली, माल उतरवला, मोजला, आणि दोन दिवसांनी तोच माल परत चिपळूणवरून खेडला वर पाठवला." खरंच तसं होत होतं! मी झाडासारखी उतरंड काढली होती, भिवंडी, त्याखाली रत्नागिरी, त्याखाली तिन्ही दुकानं, कारण तशी आकृती छान दिसते. रस्ता त्या आकृतीसारखा नव्हता. २२ जुलै २०२१ ला चिपळूण पाण्याखाली गेलं होतं तेव्हा हर्णै आणि रत्नागिरीच्या मधला रस्ताच पाण्यात होता, त्यानंतर हर्णैवाला घाबरून जूनमध्ये भरमसाठ मागवतो ती हीच भीती.

मालवणच्या पानावर: कोल्हापूर, फोंडा घाटाने थेट. कारण कोल्हापूरचा माल आंबा घाटाने रत्नागिरीला आणायचा आणि तिथून दीडशेच्या वर किलोमीटर खाली मालवणला न्यायचा, त्यापेक्षा फोंडा घाट उतरून कणकवलीवरून तो सरळ मालवणला जातो. आणि त्याच पानावर खाली बारीक अक्षरात: "पावसात आधी फोन करून घाट चालू आहे का विचारणे." आठवड्यातून एखादी दरड येतेच, मग अणुस्कुरा नाहीतर करूळ, जो चालू असेल तो.

म्हणजे ताईंच्या वहीत एक-दोन-तीन असे नंबर नव्हते. तिथे प्रत्येक नंबरपुढे एक प्रश्न होता, आणि तो प्रश्न बहुतेक तारखेचा होता. कधी हवंय, त्या तारखेला हा पोचवेल का, आणि देऊन झाल्यावर त्याचं स्वतःचं भागेल का. किंमत सगळ्यात शेवटी. ताई म्हणाल्या, "कोल्हापूर नऊ टक्के महाग आहे हे मलाही माहितीये. ३० जुलैला नऊ टक्के म्हणजे किती? चाळीस रुपये. नाखवा चाळीस रुपयांसाठी भांडतो का त्या दिवशी?"

मग आम्ही सिस्टीममध्ये ते बसवलं, जेवढं बसलं तेवढं. सोर्सची यादी राहिली पण प्रत्येक सोर्सला आधी विचारणा: देण्याजोगा किती आहे. देण्याजोगा म्हणजे हातातला साठा, वजा पुढची गाडी येईपर्यंतची त्याची स्वतःची गरज. राखीव साठा सीझनच्या तोंडावर वजा करायचा नाही असं ठरलं, यावर काकांशी बराच वाद झाला, पण राखीव साठा असतोच मुळी अशा आठवड्यासाठी, तेव्हाही तो कुलुपात ठेवायचा असेल तर मग तो फक्त अडकलेला पैसा आहे. जेवढं देण्याजोगं तेवढं एक नंबरकडून, उरलेलं लगेच दोन नंबरकडून, तुकडे पडले तरी चालतील. आधी सगळं नाहीतर काहीच नाही असा प्रकार होता. आणि माल अपुरा असेल तर कोडच्या क्रमाने नाही, गरजेच्या प्रमाणात वाटायचा.

२२ जुलैचा तोच हिशेब नवीन नियमांनी आम्ही परत चालवून बघितला. हर्णैचे जास्तीचे २५ परतीच्या रिकाम्या टेम्पोने रत्नागिरीला आणायचे (हा आडवा नाही, वर जाणारा माल, आणि तोही ताईंनी टिक केल्याशिवाय नाही). मग रत्नागिरीकडे देण्याजोगे ५५ वजा ३०, २५, अधिक हे २५, पन्नास. देवगड-मालवणची मागणी ३० आणि ४०, त्या प्रमाणात २१ आणि २९. कमी राहिले देवगडला ९, मालवणला ११, ते वीस कोल्हापूरहून, एकाच पार्सलमध्ये. भिवंडीहून फक्त राखीव साठा भरायला १५, सावकाश. कोणी उपाशी नाही आणि साठऐवजी पस्तीसच खरेदी.

राखीव साठ्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगतो, कारण त्यात मी पुस्तकी शहाणपणा केला होता. नियम असा की तीन दुकानांत वीस-वीस राखीव ठेवण्यापेक्षा एकाच जागी ठेवलात तर साठ लागत नाहीत, वर्गमुळाच्या हिशेबाने वीस गुणिले तीनचं वर्गमूळ, साधारण पस्तीसच पुरतात, कारण एका दुकानात जास्त खप झाला तर दुसऱ्यात कमी होतो, उन्नीस-बीस होऊन जातं. मी तेच सांगून दुकानांचा राखीव साठा कमी करून रत्नागिरीत ठेवला होता. पण हे तेव्हाच खरं जेव्हा दुकानांची मागणी एकमेकांपासून स्वतंत्र असते. आपल्याकडे १ ऑगस्टला सगळा किनारा एकदम सुटतो! हर्णैला जास्त म्हणून मालवणला कमी असं होतच नाही, सगळीकडे एकदम जास्त. ऑइल, साबण, कपडे धुवायचा ब्रश याला तो नियम चालेल, इंपेलरला नाही. आता सीझनच्या आयटमचा राखीव साठा १० जुलैच्या आत दुकानात उतरवतात आणि बाकीच्यांचा रत्नागिरीतच.

पावसाळ्यासाठी वेगळी यादी केली, १५ जून ते ३० सप्टेंबर. त्या यादीत कोल्हापूरचा वेळ दोन दिवसांऐवजी चार धरलाय आणि भिवंडीचा बाराऐवजी पंधरा. सिस्टीमला घाट कळत नाही, पण तारखेपासून तारखेपर्यंत कळतं, तेवढं पुरतं.

किटचा वाद मात्र मिटला नाही. ताईंचं म्हणणं किट हाही एक सोर्सच, सुटा इंपेलर कमी पडला तर किट मोडायचं, नियमातच घाला. मी नाही म्हटलं, कारण एकदा सिस्टीमला मोडायची परवानगी दिली की ती सोमवारी भरेल आणि मंगळवारी मोडेल, दोराच्या बंडलासारखं. ताई म्हणाल्या, "किट परत भरता येतं, गेलेला नाखवा परत येत नाही." शेवटी मधला तोडगा, १० जुलै ते १० ऑगस्ट सुट्या मालाचा हक्क आधी, उरलं तरच किट भरायचं, आणि मोडायचं असेल तर माणसाने ठरवायचं.

पुढचा सीझन

पुढच्या जुलैत मालवणचा फोन आला नाही. इंपेलर पुरले, बेल्ट पुरले, डिझेल फिल्टर देवगडला दोन दिवस नव्हते पण ते कंपनीकडेच नव्हते.

दोन गोष्टी मात्र बिघडल्या. एक, देवगडचा मॅनेजर. त्याला आधी कायम पूर्ण मिळायचं, आता प्रमाणात मिळायला लागलं, तर त्याने गरजच वाढवून लिहायला सुरुवात केली. पन्नास हवे असतील तर ऐंशी. प्रमाणात वाटायचं म्हटलं की जो मोठा आकडा लिहील त्याला मोठा वाटा, हे त्याला आमच्याआधी कळलं. मामा गेले आणि माळ्यावर चढून बघितलं तर तीस इंपेलर पोत्याखाली. आता वाटप मागणीवर नाही, मागच्या तीन सीझनच्या खऱ्या विक्रीवर करतो. देवगडवाला माझ्याशी जेवढ्यास तेवढंच बोलतो.

दुसरी कोल्हापूरची. आम्ही त्याला दोन नंबरवर ठेवलं, म्हणजे वर्षभर काही नाही आणि जुलैच्या शेवटच्या आठवड्यात एकदम, तातडीचं, फोनवर फोन. त्याने पहिल्यांदा दिलं. पुढच्या खेपेला म्हणाला माल आहे पण रोजच्या गिऱ्हाइकांना ठेवलाय. अडला हरी प्रत्येक वेळी येऊन पाय धरणार असेल तर कोण ऐकेल? ताईंनी मग काकांना पटवलं की इंपेलर आणि बेल्टची वर्षभरातली पाचातली एक ऑर्डर कोल्हापूरला द्यायचीच, महाग असली तरी, आणि सिस्टीममध्येही तसं प्रमाण घातलंय. काकांना ते अजून टोचतं, दर महिन्याला तो नऊ टक्क्यांचा फरक ते पेन्सिलीने बाजूला लिहून ठेवतात.

परवा रत्नागिरीला गेलो होतो, मामा रॅक लावत होते. सगळ्यात वर बारा खोकी, सेलोटेप परत चिकटवलेली. तीच, त्या रात्री फोडलेली किट, आत इंपेलर नाही. सिस्टीममध्ये बघितलं तर बारा किट, पूर्ण, विक्रीस तयार. किट मोडल्याची एन्ट्री कुठल्या स्क्रीनवर करायची ते मी मामांना कधी दाखवलंच नव्हतं.